स्वतःचे घर आणि भाड्याचे घर : एक हिशेब

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या कोणी ती प्रथम केली त्याला घर बांधण्यातला लाभ सांगावयाचा होता की त्यातल्या खस्ता सांगावयाच्या होत्या, याविषयी मतभेद संभवतो. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. पण आज लाख-सव्वा लाखाची मासिक प्राप्ती असलेले एखादे तरुण जोडपे पुण्यात ब्लॉक घेण्याचा विचार करू लागले की त्यांना ही म्हण कोणी ऐकवीत नाही. त्यांना ऐकविले जाते ते असे : “भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. तेवढ्याच पैशात हप्ता भरा, घर तुमचे होईल.” आई-वडील हेच सांगतात, कचेरीतले सहकारी हेच सांगतात, आणि बांधकाम करणारे तर सांगतातच. या विधानाच्या आधारावर माणसे वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदावर सही करतात. तेव्हा ते कितपत खरे आहे हे एकदा आकडे मांडून पाहिले पाहिजे.

आधी ‘पाण्यात गेलेला पैसा’ हे शब्द घेऊ. भाडेकरू महिनाभर जागेत राहतो आणि त्याबद्दल भाडे देतो. त्याला निवारा मिळालेला असतो. हा पैसा पाण्यात गेला म्हणावयाचे, तर खानावळीत जेवलेल्या माणसाचा पैसाही पाण्यातच गेला म्हणावे लागेल. दुसरी गोष्ट अशी की, पैशालाही भाडे असते आणि त्याला आपण व्याज म्हणतो. कर्ज काढून घर घेणारा मनुष्य भाडेकरूपणातून सुटत नाही. कालपर्यंत तो घराचा भाडेकरू होता, आजपासून तो पैशाचा भाडेकरू होतो. पेढीला दिलेले व्याज परत येत नाही, जसे घरमालकाला दिलेले भाडे परत येत नाही. म्हणून तुलना करावयाची ती भाडे आणि हप्ता यांची नव्हे. परत न येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खर्चांची तुलना केली पाहिजे.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी थोडे मागे पाहणे भाग आहे. या विषयावरील आपल्या समजुती एका विशिष्ट काळात घडल्या आणि तो काळ आता उरलेला नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाणभूत भाडे’ ठरविले. युद्धकाळात घरटंचाई होती, भाडेकरूंची नाडवणूक होत होती, आणि कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र गोठलेलेच राहिले. मुलाचा नातू झाला तरी वाड्यातल्या दोन खोल्यांचे भाडे पंधरा-वीस रुपये, अशी स्थिती पेठांतून सर्रास होती. कायद्याने भाडेकरू सहसा हलत नसे, आणि त्याचा हक्क वारसांकडे जाई. व्यवहारात घराचा खरा उपभोग त्याचाच होता. मालकाकडे उरले ते कौलांची गळती आणि नगरपालिकेचे कराचे बिल. ज्या मालकाला वर्षाच्या भाड्यात एका भिंतीचे गिलावेही करून घेता येत नव्हते, त्याने वाडा दुरुस्त का केला नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मुंबईत तर जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून त्यांची दुरुस्ती सरकारी मंडळाकडे सोपवावी लागली. त्या काळी कोणी विचारले असते की घराचा मालक व्हावे की भाडेकरू व्हावे, तर ज्याला जुन्या भाड्याने जागा मिळाली आहे त्याने भाडेकरूच राहावे, हे निर्विवाद उत्तर होते. १९६१ च्या जनगणनेत भारतातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे बसले. ज्या बिऱ्हाडकरूंच्या खोल्या त्यात गेल्या त्यांना जागेबरोबरच ते स्वस्त भाडेही गमवावे लागले. नवीन जागा जुन्या भाड्याने कोण देणार?

देणारे खरोखरच उरले नाहीत. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ने राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. परिणाम असा झाला की, ज्याच्याकडे जास्तीची जागा होती त्याने ती भाड्याने देण्याऐवजी कुलूप लावून ठेवणे पसंत केले. भाड्याची जागा मिळेनाशी झाली, मिळाली तर पागडीवर. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९४० चे भाडे गोठवून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही असे मत दिले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करता येऊ लागली. नव्याने लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मात्र ते जुने संरक्षण नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट आकार द्यावा लागतो.

म्हणजे आजोबा भाडेकरू होते ते एका अर्थाने मालक होते, आणि नातू भाडेकरू आहे तो अकरा महिन्यांचा पाहुणा आहे. शब्द एकच, वस्तू अगदी निराळी. २०११ च्या जनगणनेपर्यंत शहरी कुटुंबांतील भाडेकरूंचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले, आणि त्याच जनगणनेत शहरांतून १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. लोक मालक झाले ते सगळेच हिशेब करून झाले असे नाही. भाड्याची भरवशाची जागाच नव्हती म्हणूनही पुष्कळ जण झाले.

आता आजचा हिशेब. पुण्याच्या उपनगरातील एक तयार ब्लॉक घेऊ. त्याची किंमत ८० लाख रुपये आणि तसल्याच शेजारच्या ब्लॉकचे भाडे २२ हजार रुपये धरू. ज्यांना आपल्या भागातील आकडे ठाऊक आहेत त्यांनी ते घालून पाहावेत, रीत तीच राहील. मुद्रांकशुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. घराचे २० लाख आणि हे ५ लाख ९० हजार मिळून २५ लाख ९० हजार रुपये पदरचे घालावयाचे. उरलेले ६० लाख ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्जाऊ घ्यावयाचे. मासिक हप्ता ५०,१८६ रुपये येतो. ‘तेवढ्याच पैशात’ हे शब्द येथेच गळून पडतात, कारण भाडे २२ हजार आणि हप्ता पन्नास हजार आहे.

या हप्त्याच्या पोटात काय असते तेही पाहावे. पहिल्या महिन्याच्या ५०,१८६ रुपयांपैकी ४० हजार व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते ते १०,१८६ रुपये. पहिल्या वर्षी जवळजवळ पावणेपाच लाख रुपये व्याजात जातात. निम्मे मुद्दल फिटावयास साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. वीस वर्षांत एकूण १ कोटी २० लाखांच्या वर भरणा होतो, म्हणजे मुद्दलाइतकेच व्याज. शिवाय दर बहुधा बदलता असतो. कर्ज घेतल्यावर लवकरच तो ८ चा ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांची मुदत पंचवीस वर्षांच्याही पुढे जाते. पेढीकडून पत्र येते ते मुदत वाढविल्याचे. हप्ता तोच असल्यामुळे पुष्कळांच्या ते ध्यानातही येत नाही, आणि पन्नाशीला फिटावयाचे कर्ज निवृत्तीच्या उंबरठ्यावर जाऊन बसते.

पहिल्या वर्षी मालकाचे न परतणारे खर्च असे : व्याज ४ लाख ७५ हजार. पदरचे जे पैसे घरात अडकले त्यांवर साडेसहा टक्क्यांनी ठेवीत मिळाले असते ते १ लाख ६८ हजार. हा आकडा कोणी मांडत नाही, कारण तो कोणाला द्यावा लागत नाही, पण तो बुडतो हे खरे. सोसायटीची वर्गणी, मिळकतकर आणि दुरुस्ती मिळून ९० हजार. एकूण ७ लाख ३३ हजार. भाडेकरूचा खर्च भाड्याचे २ लाख ६४ हजार, आणि दलाली, सामान हलविणे, अनामतीवरचे बुडीत व्याज यांचे वर्षाकाठी २६ हजार धरले तर २ लाख ९० हजार. सोसायटीची वर्गणी मालक भरतो असे धरले आहे. फरक पडला ४ लाख ४३ हजारांचा. तो भरून निघावा म्हणून ८० लाखांचे घर दरसाल साडेपाच टक्क्यांनी वाढले पाहिजे, तेव्हा कोठे तोंडमिळवणी. मुद्रांक-नोंदणीचे ५ लाख ९० हजार तर गेलेलेच असतात. दहा वर्षे राहणाऱ्याला ते वर्षाला साठ हजारांच्या घरात पडतात, पण बदली झाली म्हणून तीन वर्षांत घर विकणाऱ्याला वर्षाला सुमारे दोन लाख पडतात. ज्याच्या नोकरीचे गाव पक्के नाही त्याने घर घेऊ नये असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

घर दरसाल किती वाढते? २००३ ते २०१२ या काळात ज्यांनी घेतली त्यांची भरभराट झाली आणि त्यांच्याच गोष्टी आपल्याला ऐकू येतात. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक पाहिला तर २०१९ ते २०२४ या वर्षांत देशपातळीवरची वार्षिक वाढ बहुतेक तिमाह्यांत पाच टक्क्यांच्या खालीच राहिली. तसेच, वाढते ती जमीन. इमारत प्रत्येक पावसाळ्याबरोबर जुनीच होते. ब्लॉक घेणाऱ्याने येथे विचारावयाचा प्रश्न असा की, जमीन कोणाच्या नावावर आहे? कित्येक सोसायट्यांच्या नावे बिल्डरने जमीन वर्षानुवर्षे करून दिली नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. बांधकाम चालू असलेल्या ब्लॉकच्या बाबतीत आणखी दोन काट्यांवरून चालावे लागते. सर्वसाधारण ब्लॉकवर पाच टक्के वस्तू-सेवा कर द्यावा लागतो, आणि ताबा मिळेपर्यंत कर्जाचे व्याज व चालू जागेचे भाडे अशी दोन्ही ओझी वाहावी लागतात. २०१७ पासून महारेरा आहे. प्रकल्पाची नोंदणी तपासता येते, तक्रारही करता येते. पण तक्रार चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही. प्राप्तिकराच्या सवलतीचे नाव काढले जाते, त्याविषयी एवढेच : जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती नाही. आणि जुन्या पद्धतीत नोकरदार भाडेकरूलाही घरभाडे भत्त्यावर सूट आहेच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की भाड्याने राहणेच शहाणपणाचे. थांबा. आपण पाहिले ते पहिले वर्ष. भाडे वाढते आणि हप्ता, दर तोच राहिला तर, वाढत नाही. भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तर सतरा वर्षांनी ते पन्नास हजारांवर जाऊन हप्त्याला गाठते. म्हणून वीस वर्षांचा पूर्ण जमाखर्च मांडला पाहिजे. एका बाजूला घरमालक आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच मिळकतीचा भाडेकरू, असे दोघे समजू. भाडेकरूने पदरचे २५ लाख ९० हजार ठेवीत ठेवले, आणि मालकाचा एकूण खर्च व स्वतःचा खर्च यांतील फरक दरसाल न चुकता त्याच दराने साठविला. सुरुवातीला हा फरक महिन्याला तेहतीस हजारांच्या वर आहे, पुढे तो कमी होत जातो. साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांत त्याच्याजवळ सुमारे २ कोटी ९ लाख जमतात. मालकाचे घर पाच टक्क्यांनी वाढत गेले तर विसाव्या वर्षी त्याची किंमत २ कोटी १२ लाख होते.

म्हणजे दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. घर तीनच टक्क्यांनी वाढले तर भाडेकरू साठ-पासष्ट लाखांनी पुढे, सात टक्क्यांनी वाढले तर मालक एक कोटीने पुढे. ठेवीच्या व्याजावर कर बसतो, तो जमेस धरला तर भाडेकरूचे पारडे थोडे हलके होते. भविष्यनिर्वाह निधीसारख्या करमुक्त जागी काही रक्कम ठेवली तर ते पुन्हा सावरते. अमुकच फायद्याचे असे छातीठोकपणे सांगण्यास हे आकडे आधार देत नाहीत, आणि जे तसे सांगतात त्यांनी वाढीचा कोणता दर धरला आहे हे त्यांना विचारावे.

पण या जमाखर्चात एक शब्द आम्ही मुद्दाम घातला होता : ‘न चुकता’. सारी गोम तेथे आहे. पेढीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. तो चुकला तर दंड होतो आणि फार चुकले तर जप्तीची नोटीस येते. भाडेकरूने स्वतःच्या ठेवीत टाकावयाच्या तेहतीस हजारांसाठी मात्र दारात कोणी येत नाही. पहिल्या वर्षी पुतणीचे लग्न येते, दुसऱ्या वर्षी मोटार, तिसऱ्या वर्षी मुलाची शाळा बदलते. आमच्या मते मध्यमवर्गीय माणसाला घराने जो फायदा करून दिला त्याचा मोठा वाटा किमतीच्या वाढीचा नसून या सक्तीच्या बचतीचा आहे. घर घेणाऱ्याने वीस वर्षे हौसमौज मारली म्हणून त्याच्याजवळ दोन कोटी झाले. तितकीच हौसमौज मारणारा भाडेकरू आम्ही कागदावर उभा केला. प्रत्यक्षात तसे थोडे भेटतात. तेव्हा निर्णयापूर्वी नवराबायकोने एकमेकांना खरे काय ते सांगावे. गेल्या दोन वर्षांची खातेपुस्तिका समोर ठेवावी आणि महिनाअखेर किती उरले ते पाहावे. पुढची वीस वर्षे साधारण तशीच जातात.

वहीत न मावणाऱ्याही काही गोष्टी आहेत. भाड्याची जागा पाहावयास गेलेल्या माणसाला आडनाव विचारले जाते, आडनावावरून जात-धर्म पाहिला जातो, आणि स्वयंपाकघरात काय शिजणार याचीही चौकशी होते. एकट्या स्त्रीला ‘तुमच्याकडे कोण कोण येते’ हा प्रश्न ठरलेला. ज्यांना हे सोसावे लागते त्यांनी दोन-चार टक्के तोटा पत्करून स्वतःचे दार केले तर त्यांना आकडेमोड शिकविण्याचा अधिकार आम्हांला नाही. उलट, घराच्या हप्त्यापायी दुसऱ्या गावची चांगली नोकरी नाकारणारे, आणि सगळी पुंजी चार भिंतींत घालून आजारपणात हात पसरणारे मालकही आहेत. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात, स्वित्झर्लंडमध्ये त्याहूनही अधिक. तेथील लोकांना कोणी निर्धन समजत नाही. कारण तेथे भाडेकरूला सहजासहजी उठविता येत नाही, आणि भाडेवाढीलाही मर्यादा असते. आपल्याकडे स्थैर्य पाहिजे असेल तर ते मालकीबरोबरच विकत घ्यावे लागते.

उतारवयाचा विचार निराळाच करावा लागतो. मिळकत थांबते पण भाडे थांबत नाही. आपल्या उदाहरणातील २२ हजारांचे भाडे वीस वर्षांनी ५८ हजारांवर गेलेले असेल, आणि पुढची पंचवीस वर्षे ते वाढतच राहील. ते निभावण्यासाठी त्या वेळी साधारण दीड कोटी रुपये हाताशी असले पाहिजेत. काटकसरी भाडेकरूजवळ ते आहेत, आणि वर साठ लाख हाती खेळते राहतात. मालकाजवळ घर आहे, पण त्यातली एक वीट मोडून औषध आणता येत नाही. घर पेढीकडे गहाण ठेवून मासिक रक्कम घेण्याची ‘उलट गहाणा’ची योजना २००७ पासून आहे. आपल्या लोकांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही, कारण मुलांसाठी ठेवलेल्या घराला हात लावणे कोणाला रुचत नाही. मात्र पैसा गाठी असला तरी सत्तरीच्या जोडप्याला जागा द्यावयास मालक कां-कूं करतात, ही भाडेकरूची अडचण दीड कोटींनीही सुटत नाही.

तिच्यावर थोडा उतारा कायद्यात आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. करार अकरा महिन्यांचाच असला पाहिजे अशी आपली समजूत आहे. ती आली एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी टाळण्याच्या जुन्या खटपटीतून. १९९९ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, नोंदवावाच लागतो, त्यामुळे त्या अकरा महिन्यांत आता काही शिल्लक उरलेले नाही. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो, आणि दरसाल भाडे किती वाढेल ते त्यात आधीच लिहून ठेवता येते. एका वर्षात दोनदा दलाली मोजणाऱ्या भाडेकरूने आणि दर अकरा महिन्यांनी रिकाम्या जागेचा महिना सोसणाऱ्या मालकाने पुढच्या वेळी दलालाकडचा छापील मसुदा भरण्यापूर्वी मुदतीच्या रकान्यात कोणता आकडा घालावयाचा ते एकमेकांशी बोलून ठरवावे.